सुवर्णदुर्ग जागतिक वारसा झाला. दाभोळच्या टोपलीचे काय?

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने 'मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यातील ११ किल्ले महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतील जिंजी. या यादीत दापोली तालुक्यातील हर्णैचा सुवर्णदुर्गही आहे. पेढे वाटले गेले, अभिनंदनाचे फलक लागले, ते योग्यच झाले. त्या तटांचा दगड वाहणारे, त्या गडांच्या पायथ्याशी मेटे करून पहारा देणारे लोक महार, रामोशी, कोळी, भंडारी अशा समाजांतलेच होते. तेव्हा हा वारसा आपलाही आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना कोणाचा गैरसमज नको.

प्रश्न वेगळा आहे. वारशाचा शिक्का बसला की पर्यटक वाढतात, पर्यटक वाढले की माहितीफलक लागतात, पुस्तिका छापल्या जातात, गाईड तयार होतात. त्या फलकावर काय लिहिले जाणार आणि कोणाला वगळले जाणार, हे ठरण्याची वेळ आत्ताची आहे. एकदा फलक सिमेंटमध्ये रोवला की तो पन्नास वर्षे तसाच राहतो. हे आम्हा बुलडाणेकरांना कोणी शिकवायला नको. आमच्याकडे सिंदखेडराजा आहे, लोणार आहे. १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मस्थळी पाय ठेवायला जागा नसते. लोणारच्या सरोवराला नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर दर्जा मिळाला. पण फलकापलीकडचा इतिहास विचारणारा माणूस तिथेही विरळाच.

आता या विषयाचा आपल्याशी थेट संबंध का, ते सांगतो. आपल्या जिल्ह्यातील बौद्ध कुटुंबाचा प्रवास पूर्वी ठरलेला असे. ६ डिसेंबरला दादर, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूर, जमले तर २० मार्चला महाड. त्याखेरीज प्रवास म्हणजे लग्नाचा किंवा मयतीचा. आज चित्र बदलले आहे. शिक्षक, तलाठी, पोलीस, बँकेतले कर्मचारी, एसटीचे वाहक दिवाळीच्या किंवा मेच्या सुट्टीत मुलाबाळांसह कोकणात निघतात. साडेपाचशे किलोमीटरच्या वर अंतर आहे, तरी जातात. मलकापूर किंवा शेगावहून रेल्वेने कल्याण, पुढे कोकण रेल्वेने खेड आणि तिथून एसटीने दापोली. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले, त्यामुळे घरातली बाई मागे राहत नाही, हा लहान फरक नाही. (जाता जाता एक सांगतो. रात्रीच्या खासगी बसने जाऊ नका. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ २५ माणसे बसमध्ये जळून गेली. त्या रात्रीनंतर आमच्याकडे पहाटे फोन वाजला तरी छातीत धस्स होते.)

यावर चळवळीतले काही ज्येष्ठ कार्यकर्ते नाक मुरडतात. समाज खेड्यात होरपळतो आहे आणि हे समुद्रावर फोटो काढत फिरतात, असा त्यांचा सूर असतो. या सुराशी मी सहमत नाही. सहलीला जाण्यात चळवळीशी कसलीही बेइमानी नाही, कारण खुद्द बाबासाहेब कार्यकर्त्यांना घेऊन सहलीला गेले आहेत.

१९३४ सालची गोष्ट. चळवळीतील काही सहकाऱ्यांनी प्रेक्षणीय स्थळे पाहण्याची इच्छा व्यक्त केली, बाबासाहेब बरोबर असतील तरच जाऊ म्हणाले. वेरूळची लेणी पाहायची ठरले. नाशिकहून औरंगाबादकडे निघाले, वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. रमजानचा महिना होता. प्रवासाने धुळीत माखलेल्या या मंडळींनी किल्ल्याच्या दरवाजाजवळच्या हौदावर हातपाय धुतले आणि गहजब झाला. अस्पृश्यांनी हौद बाटवला म्हणून एक म्हातारा ओरडत आला, जमाव जमला. अखेर किल्ला पाहायला मिळाला तो हत्यारबंद शिपाई सोबत घेऊन. आत कुठल्याही पाण्याला यांचा हात लागू नये, ही त्या शिपायाची कामगिरी! 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे.

वाचकहो, आता संविधानाचा अनुच्छेद १५ (२) काढून वाचा. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि लोकांच्या सार्वजनिक राबत्याच्या जागा, या सर्वांत जातीच्या किंवा धर्माच्या कारणावरून कोणाही नागरिकावर आडकाठी आणता येणार नाही. वकिली करताना हा अनुच्छेद मी अनेकदा वाचला आहे, आणि त्यातील 'तलाव' हा शब्द आला की दरवेळी महाडच्या चवदार तळ्याबरोबर दौलताबादचा तो हौदही डोळ्यांपुढे येतो. सहलीला निघालेल्या माणसाच्या वाटेवर जे जे लागते ते सारे त्या यादीत आहे. समुद्रकिनाऱ्यावर पाय भिजवत उभ्या असलेल्या आपल्या पोराला हे ठाऊक नसेल, तर तो दोष पोराचा नाही.

सुट्टीचेही तसेच. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेबांकडे मजूर खाते होते. त्या काळात कारखाने अधिनियमात १९४५ साली दुरुस्ती होऊन वर्षभर काम करणाऱ्या कारखाना कामगाराला १० दिवसांची भरपगारी रजा मिळाली. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. म्हणजे घरी बसूनही पगार चालू राहतो, ही गोष्ट या देशातील कामगाराच्या आयुष्यात कायद्याने आली ती अशी. आज समुद्रावर जाणाऱ्या किती सुशिक्षितांना, आपल्या आणि त्यांच्याही, हे माहीत असते?

आणि ज्यांना ही रजाच मिळत नाही त्यांचे काय? नगरपालिकेत ठेकेदाराकडे झाडूकाम करणाऱ्या बाईला रविवारसुद्धा मिळेलच असे नाही. आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला, वीटभट्टीवर, पुण्याकडच्या कारखान्यांत कंत्राटावर जाणाऱ्या पोरांच्या बाबतीत 'भरपगारी रजा' हा शब्द उच्चारला तरी ठेकेदार हसतो. हा माझा कोर्टाबाहेरचा नेहमीचा अनुभव आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतील व्यावसायिक सुरक्षा संहितेने वार्षिक रजेसाठी लागणारी कामाच्या दिवसांची अट २४० वरून १८० वर आणली, हे चांगलेच म्हटले पाहिजे. पण दहापेक्षा कमी कामगारांची आस्थापना सर्वसाधारणपणे या संहितेच्या व्याख्येतच बसत नाही. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाचे काम ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्याची मुभा देण्याचे ठरवले. कोणते पारडे जड झाले, हे ज्याचे त्याने पाहावे. आपल्यातला नोकरदार समुद्रावर गेला म्हणून त्याच्यावर रागावण्यापेक्षा, झाडूवाल्या बाईला दहा दिवस का मिळत नाहीत यावर कार्यकर्त्यांनी राग काढलेला बरा.

असो. आता किनाऱ्यावर येऊ.

दापोलीला जाणारा पर्यटक मुरुड, कर्दे, हर्णै करतो. संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव पाहतो, होडीतून सुवर्णदुर्ग पाहतो आणि परततो. त्याच तालुक्यात वाशिष्ठी नदीच्या मुखाशी दाभोळ नावाचे गाव आहे. आमच्या पिढीला दाभोळ म्हटले की एन्रॉन आठवते. तो वीजप्रकल्प खाडीच्या पलीकडे, गुहागर तालुक्यात. नाव मात्र दाभोळचे गेले. २००१ साली वीज मंडळाने ती महाग वीज घेणे थांबवले तोवर दाभोळ हे नाव वर्तमानपत्रात रोज छापून येई, पण गावाविषयी एक ओळ नसे.

हे गाव साधे नाही. बहामनी राजवटीत, म्हणजे आपला वऱ्हाड ज्या राज्याचा भाग होता त्या राज्यात, दाभोळ हे मोठे बंदर होते. अरबस्तान आणि इराणकडून घोडे इथे उतरत. रशियातून आलेला प्रवासी अफनासी निकितिन बिदर वगैरे पाहून १४७२ च्या सुमारास परत निघाला तो याच बंदरातून. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेइदा याने दाभोळ जाळले, माणसे कापली. पुढे आदिलशाहीत ते पुन्हा उभे राहिले. खाडीच्या अगदी काठावर १६५९-६० मध्ये बांधलेली शाही मशीद आजही उभी आहे. सुट्टीत गेलात तर या मशिदीपुढे थोडे थांबा. फेरीबोटीची वाट पाहणाऱ्या गाड्या शेजारून सुटत असतात, आणि बहुतेकांची मान त्या बाजूला वळतसुद्धा नाही.

पण आपल्यासाठी दाभोळचा खरा इतिहास मशिदीचाही नाही आणि घोड्यांचाही नाही. याच तालुक्यातील वणंद गावचे भिकू धुत्रे दाभोळच्या बंदरातून मासळीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन बाजारात पोहोचवण्याचे काम करीत. १८९८ साली त्यांच्या घरी मुलगी झाली, ती माता रमाई. आई लवकर गेली, वडीलही गेले, आणि ही पोरकी भावंडे नातेवाइकांबरोबर मुंबईला आली. १९०६ साली रमाईंचे लग्न झाले ते भायखळ्याच्या मासळी बाजारात, रात्री, बाजार उठल्यावर. बाप मासळीची टोपली वाहत होता आणि लेकीच्या लग्नाचा मांडव म्हणजे मासळी बाजाराची मोकळी झालेली जागा. भिमाची रमाई आपण गाण्यांतून ऐकतो, पण या टोपलीकडे आपले लक्ष जात नाही. बंदराचे वैभव म्हणून जे सांगितले जाते, ते जहाजापासून बाजारापर्यंत कोणाच्या तरी डोक्यावरूनच गेले आहे. तो रस्ता, तो चढ, ती टोपली यांचा उल्लेख दाभोळच्या कुठल्या पर्यटन पुस्तिकेत सापडला तर मला जरूर कळवा.

रमाईंचा विषय निघाला म्हणून आणखी एक. त्यांनी आयुष्यात एका प्रवासाची इच्छा धरली होती, पंढरपूरची. बाबासाहेबांनी ती मानली नाही. जिथे भक्ताला देवाच्या दारापासून लांब उभे राहावे लागते त्या पंढरपूरला काय जायचे, असे त्यांचे म्हणणे होते. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. बाबासाहेबांची भूमिका बरोबरच होती. पण मनात येते ते असे की, ज्या बाईला एका प्रवासाची हौस होती तिच्यासाठी या देशात मानाने जाता येईल अशी जागाच शिल्लक ठेवलेली नव्हती. आज तिच्या लेकी अर्ध्या तिकिटात दाभोळपर्यंत जातात, त्यांना कोणी चैनखोर म्हणू नये.

दापोली शहराला आजही जुनी माणसे 'कॅम्प दापोली' म्हणतात. १८१८ नंतर इंग्रजांनी इथे लष्करी तळ केला आणि पुढे कोकणातले पेन्शनर सैनिक इथे स्थायिक झाले, त्यांत महार सैनिक मोठ्या संख्येने होते. सुभेदार रामजी निवृत्तीनंतर सहकुटुंब इथेच राहिले. गोपाळबाबा वलंगकर इथलेच पेन्शनर. १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' लिहून अस्पृश्यतेला धर्मग्रंथांच्या आधारेच प्रश्न विचारणारा हा माणूस, आणि महारांची लष्करभरती बंद झाल्यावर सरकारला अर्ज लिहिणाराही तोच. १८९० च्या दशकात याच गावातील पेन्शनर महारांनी आपल्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत घ्यावे म्हणून सरकारदरबारी अर्ज केले, आणि प्रवेश मिळाला तरी मुलांना बसवले व्हरांड्यात. थंड हवेचे ठिकाण, 'मिनी महाबळेश्वर' म्हणून दापोलीची जाहिरात होते. आपल्या चळवळीचा अर्ज लिहिण्याचा, कायद्याच्या भाषेत सरकारला जाब विचारण्याचा आरंभ ज्या मोजक्या गावांत झाला, त्यांतले हे एक गाव आहे. मला वकील म्हणून दापोली त्यासाठी महत्त्वाची वाटते.

कोणी म्हणेल, फलकावर राजे आणि सरदार येणारच, टोपलीवाल्याचे नाव कोण लिहितो? तर याचे उत्तर कोकणच्याच किनाऱ्यावर दगडात कोरलेले आहे. रायगड जिल्ह्यात तळा तालुक्यात, मांदाडच्या खाडीजवळ कुडा लेणी आहेत, सुमारे अठराशे-दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांमध्ये माळी आहे, वैद्य आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे. राजाच्या बरोबरीने फुले विकणाऱ्याचे नाव दगडावर येऊ शकते, हे बुद्धाच्या धम्माने या किनाऱ्यावर तेव्हाच करून दाखवले होते. आज पुरातत्त्व खात्याच्या फलकाला ते जमत नाही, असे समजण्याचे कारण नाही.

दापोली तालुक्यातच पन्हाळेकाजीची २९ लेणी आहेत. सुरुवात बौद्ध, पुढे वज्रयानी, त्यानंतर शैव आणि नाथपंथी, असे थर तिथे एकावर एक आहेत. तिथे जाऊन वादावादी करण्यापेक्षा, कोणते लेणे कोणत्या काळात कोणाचे होते हे फलकावर स्पष्ट लिहून घेणे, हा मला पक्का मार्ग वाटतो. पुरावा दगडात आहे, आपण नुसते मागायचे आहे.

थोडे आपल्याविषयीही बोलले पाहिजे. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव. १२ फेब्रुवारी २०२२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद तिथे येऊन गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मंडणगडला न्यायालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाले. हा योग पाहून ऊर भरून आला, हे कबूल. पण आपले लोक आंबडवे-वणंदला जातात, पुष्पहार घालतात, त्रिसरण-पंचशील घेतात, फोटो काढतात आणि अर्ध्या तासात समुद्राकडे पळतात. गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी कोणी बोलत नाही. दाभोळचा जुना मासळीचा रस्ता कोणता, हे कोणी विचारत नाही. स्मारकाचा दगड बसला की इतिहासाचे काम झाले, ही प्रस्थापितांची सवय आपल्यालाही लागली आहे. पुतळा उभारणीसाठी आपण मोर्चा काढतो. त्या पुतळ्याखाली दहा ओळी अचूक लिहाव्यात म्हणून कधी निवेदन दिल्याचे मला आठवत नाही.

आता एक व्यवहाराची गोष्ट. कोकणात मुक्कामासाठी घरगुती खोल्या मिळतात. फोन केला की बहुतेक ठिकाणी आदराने बोलतात, हे सांगितले पाहिजे. पण काही ठिकाणी पहिला प्रश्न येतो, 'आडनाव काय?' मग थोडा वेळ शांतता आणि नंतर 'बुकिंग फुल्ल आहे'. एका घरी मला हा अनुभव आला. दहा मिनिटांनी त्याच घरी माझ्या एका देशपांडे मित्राने फोन केला तेव्हा खोली रिकामी झाली होती! नुसते आडनाव विचारणे हा गुन्हा नाही. पण त्या कारणाने जागा नाकारणे हा नागरी हक्क संरक्षण अधिनियम १९५५ च्या कलम ४ खाली गुन्हा आहे. शिक्षा एक महिना ते सहा महिने कैद आणि दंड. त्या कायद्याच्या व्याख्येत 'हॉटेल'मध्ये बोर्डिंग आणि लॉजिंग हाउससुद्धा येते, त्यामुळे 'आमचे हे घर आहे, हॉटेल नाही' ही सबब पैसे घेऊन खोली देणाऱ्याला सहज चालणार नाही. कलम १२ असेही सांगते की, असे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले असेल तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालय गृहीत धरेल. उलट सिद्ध करण्याची जबाबदारी दुसऱ्या पक्षावर. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांनाही लागू झाल्या आहेत, हे लक्षात ठेवा. फोन शक्यतो रेकॉर्ड करा, बुकिंगचे बोलणे मेसेजवर ठेवा. आणि तक्रार तिथेच द्या. बुलडाण्याला परत येऊन संतापण्याचा उपयोग नसतो.

राहिला प्रश्न फलकांचा. सुवर्णदुर्ग हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ खाली या खात्याच्या मुंबई मंडळाकडे अर्ज करता येतो, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. सुवर्णदुर्ग व हर्णै परिसरात लावावयाच्या माहितीफलकांचा मजकूर कोणी तयार केला, तो कोणत्या भाषांत आहे, त्यात किल्ल्यावरील व बंदरावरील श्रमिक जातिसमूहांचा उल्लेख आहे काय, आणि मजकुराची प्रत मिळावी, एवढे चार मुद्दे पुरेत. राज्याच्या पर्यटन संचालनालयाकडे दुसरा अर्ज: दाभोळ बंदर ते वणंद या मार्गाची नोंद कोणत्याही पर्यटन आराखड्यात आहे काय? चिखली आणि मेहकरकडची काही कुटुंबे येत्या दिवाळीच्या सुट्टीत दापोलीला निघणार आहेत. निघण्याआधी हे दोन्ही अर्ज टपालात पडावेत, असे आम्ही ठरवले आहे. नमुना हवा असेल त्यांनी कोर्टाच्या आवारात कामकाजाच्या दिवशी दुपारी भेटावे.